कमी हात, तेच हात

प्रिय मुली,

तुझ्या वर्गातल्या बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही कमी असलेल्या मुलासाठीचा तुझा आराखडा वाचला. सोमवारी वाचा-उपचार, मंगळवारी दृष्टीला चालना, बुधवारी फिजिओथेरपी, पुढे ब्रेलची पूर्वतयारी. सगळे रकाने भरलेत आणि खाली विचारतेस, 'बाई, सुरुवात कुठून करू?' आठवडाभरात त्या मुलाच्या अंगाला किती वेगवेगळे हात लागणार, ते आधी मोज.

अंध मूल आवाजावरून माणूस ओळखतं, कर्णबधिर मूल चेहऱ्यावरून. बधिरांध मुलाच्या या दोन्ही वाटा अर्ध्यामुर्ध्या. बहुतेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. ते तपासून घेणं, चष्मा आणि श्रवणयंत्र रोज लागतंय ना बघणं तुला सांगायला नको. पण माणूस जवळ आल्याचं त्याला बऱ्याचदा हात लागल्यावरच कळतं. रोज नवा हात लागला की ते अंग चोरतं, किंचाळतं आणि आपण फाइलीत 'वर्तनसमस्या' लिहून मोकळे होतो! कमी हात, तेच हात. उद्दिष्टं त्यानंतर.

शिक्षिका ॲन सलिव्हन बधिरांध हेलन केलरकडे आली ३ मार्च १८८७ ला. पंपाच्या पाण्याखाली, तळहातावर बोटांच्या खुणांनी दिलेला पहिला शब्द हेलनला उमगला ५ एप्रिलला. सगळ्यांना तो पंप आठवतो. मधल्या दिवसांत ॲन त्या मुलीला घेऊन आवारातल्या छोट्या घरात वेगळी राहिली, हे कुणी सांगत नाही. दिवसभर तेच हात होते, म्हणून त्या हातांवरची अक्षरं पोहोचली.

तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाही. त्यांनी तुला शिकवावं, मुलाला तू. त्यांची सगळी उद्दिष्टं एका जेवणात बसतात. जेवणाआधी चमचा दे, म्हणजे आता जेवायचंय हे त्याला कळेल. खेळण्यातला नाही, तो जेवतो तोच. तुझा हात त्याच्या हाताखाली ठेव, वरून पकडू नकोस, म्हणजे नको असेल तर त्याला हात काढून घेता येतो. मग थांब. अजून थांब. बोटं चमच्याकडे वळायला वेळ लागतो आणि आपण नेमके तेव्हाच घाई करतो. जेवण झालं की चमचा 'संपलं' हे सांगणाऱ्या ठरलेल्या डब्यात त्यानेच टाकायचा.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका मुलीची मदतनीस वर्षाच्या मध्येच बदलली. मी लेखी विरोध केला, बैठकीत भांडले, कुणी ऐकलं नाही. चमचा हाती घेऊन टेबलाकडे निघणारी ती मुलगी तो भिरकावायला लागली. तिच्यासाठी आणखी काय करता आलं असतं, हे अजून मनातून जात नाही. तेव्हापासून माणसांची नावं नसलेलं वेळापत्रक मी हातात घेत नाही आणि ते बरोबरच आहे.

'मूल एकालाच चिकटेल' असं तुला सांगतील. चिकटू दे. त्या एकाच्या आधारानेच ते दुसऱ्याकडे जातं.

तो दुसरा माणूसही आत्ताच ठरव. तू आजारी पडशील त्या दिवशी कोण, ते नावानिशी लिही. त्याने आधी तुझ्या शेजारी बसावं, तुझा हात तिथे असतानाच आपला हात द्यावा. त्याची खूण ठरव, एखादं जाडसर कडं चालेल. ते रोज घालायचं आणि भेटल्या भेटल्या मुलाला चाचपू द्यायचं. मुख्याध्यापक म्हणतील, एवढी माणसं कुठून आणू? दहा नकोत, दोनच द्या आणि वर्षभर बदलू नका, असं लेखी माग.

तुझी,
बाई