लिहित्या हातांचे प्रश्न : मोटार चालू असेपर्यंत

प्रश्न : मी इंदूरला एका शाळेत गणित शिकवते. घरी सासूबाई, नवरा, दहावीतली मुलगी. कथा लिहायला घेते, पण तीन-चार पानांपुढे जात नाही. सुट्टीत सलग बसू म्हणते, तोवर आधी लिहिलेलं टाकाऊ वाटायला लागतं. त्यात एका मासिकाने ‘भाषा फार हिंदीळलेली’ म्हणून कथा परत पाठवली. आमच्याकडे बोलतातच तसं! नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा टाकी भरेपर्यंत मोटारीपाशी उभी असते, तेवढीच काय ती उसंत. लिहू की सोडून देऊ? पानं सोबत जोडली आहेत.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : लिहा. धीर द्यायचा म्हणून नाही, पानं वाचून सांगतेय.

तुमची कथा इंदूरच्या हुकुमचंद मिलमधल्या कामगाराची, अण्णांची. ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. एवढा काळ वाट बघणं कथेत कसं आणायचं? तुमचे अण्णा पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीला दोन घड्या घालतात, वर रबर लावतात. मग रबर काढून आकडा पुन्हा एकदा बघून घेतात. बस, आलं सगळं! आणि लगेच पुढची ओळ : ‘अण्णांचे अंतःकरण कृतार्थतेने ओथंबून आले.’ अहो, हे कोण बोललं? तुम्ही नाही. ती परत आलेली कथा बोलली. मनात शंका आली की माणूस दुसऱ्याचे ठेवणीतले कपडे घालून उभा राहतो. तुमच्या पानांत जिथे जिथे भाषा नटलीय, तिथे तिथे तुम्ही घाबरलेल्या आहात. त्या ओळी काढून टाका, दुसरं काही करायला नको.

हिंदीचं म्हणाल, तर संपादक निम्मे बरोबर आहेत. रामदीन दारात येऊन ‘काकाजी, पैसा आया क्या?’ विचारतो आणि अण्णा ‘आलं रे, बैठ’ म्हणतात, त्याला हात लावू नका. मिलच्या फाटकावर कुणी सदाशिव पेठेतलं बोलत नव्हतं. पण निवेदनात तीनदा ‘अचानकसे’ आलंय, ते मात्र जाऊ द्या.

आता वेळ. सलग वेळ मिळाला की लिहू, हे मीही बँकेच्या काउंटरवर बसून वर्षानुवर्षं म्हणत आले, आणि आता निवृत्त झाल्यावरही तो कुठे सापडत नाही. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, पाव तासाला २५० शब्द. लोक हे कौतुकाने सांगतात. त्याला उठवून कॉफी आणून देणारा नोकर होता आणि त्याबद्दल त्या नोकराला वर्षाला ५ पौंड जास्त मिळत, हे सांगायचं विसरतात. तुम्हाला कॉफी कोण देणार? तेव्हा त्याचे शब्द मोजू नका, त्याचं रोजचं बसणं तेवढं घ्या.

मोटारीपाशी वही ठेवा. नवं पान सुरू करायचं नाही. मागचा परिच्छेद वाचायचा, दोन ओळी पुढे लिहायच्या आणि पुढे काय होणार हे डोक्यात असतानाच थांबायचं. पाणी नसेल त्या दिवशी नुसतं वाचा. आठ-पंधरा दिवसांनी वही उघडली की आपण परक्यासारखे वाचतो, आणि परक्याला आधी खोट दिसते. तुमच्या शंकेचं बरंचसं मूळ या खंडात आहे, कुवतीत नाही. आणि गणिताच्या पेपरात मुलांना कच्चं काम उजवीकडे करू देता ना? मग स्वतःला पहिल्याच खर्ड्यात पैकीच्या पैकी मार्क कशाला हवेत?

सासूबाईंना एवढ्यात वाचून दाखवू नका. कुणालाच नको. रामदीन उसने पैसे मागायला आलाय की नुसता भेटायला, हे तुमचं तुम्हालाच अजून ठरलेलं दिसत नाही. आधी ते ठरवा, पुढचं दोन पानांत लिहा आणि मग मला पाठवा.