गॉर्डियन तिसरा कसा मेला : इराणची बाजू कुठे वाचावी

इ.स. 244 मध्ये रोमन सम्राट गॉर्डियन तिसरा लढाईत पडला की त्याच्याच लोकांनी त्याचा काटा काढला, आणि रोम-इराण युद्धांतली इराणची बाजू कुठेच का सापडत नाही, असे आपण विचारले आहे. मीही याच प्रश्नावर बराच काळ अडकलो होतो. तेव्हा इराणवर सासानी घराण्याचे राज्य होते आणि पहिला शापूर हा त्यांचा राजा होता.

इराणची बाजू दगडावर कोरलेली आहे. इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील 'काबा-ए-जरतुश्त' या चौकोनी वास्तूच्या भिंतींवर शापूरचा लेख मध्य फारसी, पार्थियन आणि ग्रीक भाषांत आहे. फरात नदीकाठच्या मिसिखे येथे रोमन सैन्याचा धुव्वा उडाला, गॉर्डियन मारला गेला आणि त्याच्या जागी सम्राट झालेल्या फिलिपने 5,00,000 दिनार देऊन तह केला, असे त्यात म्हटले आहे. लॅटिन इतिहासकार मिसिखेचे नावही न घेता फिलिपच्या कारस्थानाकडे बोट दाखवतात. शिवाय 363 च्या इराणवरील रोमन मोहिमेत झैथा या गावाजवळ गॉर्डियनची समाधी पाहिल्याचे रोमन इतिहासकार अम्मिआनस लिहितो, आणि ती जागा मिसिखेपासून फरात नदीच्या बरीच वरच्या अंगाला आहे; म्हणून तो मिसिखेलाच मेला का, अशी शंका येते.

मी व्यावसायिक इतिहासकार नाही, तरी माझे मत असे की पराभव खरा असावा, कारण एरवी फिलिपला एवढी रक्कम मोजण्याची गरज नव्हती. मात्र गॉर्डियन रणांगणावरच मेला, हे केवळ शापूरच्या शब्दावर मी मानणार नाही. इराणमधील बिशापूरच्या शिल्पात शापूरच्या घोड्याच्या खुरांखाली पडलेला माणूस गॉर्डियन समजला जातो, पण तेही शापूरनेच कोरवून घेतलेले आहे.

माझा खरा वेळ गेला तो एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात. लेखाचे भाषांतर असलेला खंड बंद कपाटात होता. विभागप्रमुखांचे पत्र मागितले; ते नेले तेव्हा त्यावर जावक क्रमांक नसल्याची हरकत निघाली; तो घालून आणला, तर किल्ली सांभाळणारे गृहस्थ दीर्घ रजेवर. नोंदवहीत त्या खंडापुढे 'वाचकांसाठी उपलब्ध' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते!

आपण त्या फेऱ्यात पडू नये. शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटची (2023 पासून नाव 'इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ एन्शंट कल्चर्स') तेथील उत्खननावरील जुनी प्रकाशने आता जालावर विनामूल्य मिळतात. मुंबईत असाल तर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात इराणविषयक संग्रह आहे. जाण्यापूर्वी वेळ आणि नियम मात्र दूरध्वनीवरून विचारून घ्यावेत.