खातो खूप, पण अंगाला लागत नाही

मी आहारतज्ज्ञ. ही तक्रार माझ्याकडे पूर्वी लग्नाच्या मुलींच्या आया घेऊन यायच्या. हल्ली पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंही येतात. सोलापुरातला हा मुलगा त्यांतलाच. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय २१, उंची १७० सेंटिमीटर, वजन ४९ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) १७ च्या आसपास, आणि १८.५ च्या खाली वजन कमी धरतात. त्याला बीएमआयशी देणंघेणं नव्हतं. भरतीला छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, याची टेप ७६ वर अडकलेली. मित्र ‘काडीपैलवान’ म्हणायचे. कुणाच्या तरी सांगण्यावरून बिनलेबलची पावडरही सुरू झाली होती.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जंत हे बघितल्याशिवाय खाण्याचं बोलण्यात अर्थ नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर टीबीची तपासणी हवीच, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. याचं हिमोग्लोबिन जरा कमी होतं, बाकी सगळं ठीक.

मग आईसमोरच विचारलं, "काल उठल्यापासून काय काय खाल्लंस?" पहाटे चहा, मैदानावर १६०० मीटरचा सराव, आल्यावर चहा-खारी. मग अभ्यासिका. अडीचला डबा, तोही अर्धा. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री मात्र चार भाकऱ्या. आईला दिसायचं ते हे रात्रीचं ताट, त्यामुळे तिच्या हिशेबी पोरगा खूप खात होता.

डबा अर्धाच का, ते आई बाहेर गेल्यावर बोलला. मुलं डब्यात डोकावतात, "एवढं खातो, जातं कुठं रे?" घरी मामाचंही तेच. म्हणून चारचौघांत हा घास मोजून खायचा. जाड माणसाला बोलताना लोक निदान चाचरतात, बारीक माणसाला काहीही बोललं तरी चालतं असं आपल्याकडे धरून चाललेलं असतं.

पावडर बंद केली. अशा पावडरींत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो आणि घरच्यांना वाटतं पोरानं अंग धरलं. धावून आल्यावर चहा-खारीऐवजी दोन केळी आणि ग्लासभर दूध. डब्यात शेंगाचटणी, चिमूटभर नाही, चांगली मूठभर, वर दही. ३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १७० कॅलरी आणि ७ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. सोलापूरच्या घरात हे असताना पावडरीवर पैसे कशाला घालवायचे? संध्याकाळी दोन उकडलेली अंडी. सगळं धरून रोजच्या ५०० कॅलरी वाढल्या. एकदम दुप्पट जेवायला लावलं तर पोट बिघडतं आणि पोरं तिसऱ्या दिवशी सोडून देतात. चहा जेवणानंतर तासाभराने, कारण जेवणासोबत घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. धावणं आठवड्यातून चार दिवस, बाकी जोर-बैठका. नुसतं धावून छाती भरत नाही.

आईला वेगळं सांगितलं: त्याच्या भाकऱ्या मोजायच्या नाहीत आणि मामांना आवरायचं.

"मामाला कोण बोलणार ओ मॅडम?" शेवटी त्या बोलल्या म्हणे.

महिन्याला किलो-दीड किलो ही चांगली चाल. याचं वजन मे महिन्यात हललंच नाही. इथल्या उन्हात भूक मरतेच. तेव्हा दुपारी लस्सी सुरू केली. आता वजन ५३ आणि छाती ७८ आहे. डबा तो अभ्यासिकेतल्या एका मित्राबरोबर खातो, म्हणून आई दोन भाकऱ्या जास्त देते.