स्वतःच्या कोर्सची फी करात वजा होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी, पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटचा क्लास आणि परीक्षा मिळून ८०,००० रुपये स्वतःच्या खिशातून गेले. मिस्टर आर्किटेक्ट, स्वतःची प्रॅक्टिस. त्यांनीही एका सॉफ्टवेअरचा कोर्स केला. रिटर्नमध्ये हे कुठे दाखवायचं?

तुमची फी कुठेच नाही. आयकर कायद्याच्या ८०सी कलमामध्ये ट्यूशन फी आहे खरी, पण ती दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाची. स्वतःची किंवा नवऱ्याची त्यात बसत नाही. पगारदाराला कामापायी केलेला खर्च वेगळा मागता येत नाही. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून मिळणारी ठोक वजावट, मिळतं तेवढंच, जुन्या रिजीममध्ये (कर मोजायच्या जुन्या पद्धतीत) ५०,०००, नव्यात ७५,०००. 'टाकून तर बघू' म्हणत ८०सीत फी घुसवणारे भेटतात, पण नोटीस आली की ते फोन उचलत नाहीत.

वाचवायचं असतं ते फी भरायच्या आधी, एचआरकडे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून ३१.२ टक्के कर जातो, म्हणजे खिशातून ८०,००० भरायला सुमारे १,१६,००० कमवावे लागतात. हेच प्रशिक्षण कामासाठी लागतं म्हणून कंपनीने थेट संस्थेला पैसे दिले, किंवा बिल घेऊन परत केले, तर साधारणपणे ती रक्कम तुमच्या पगारात धरत नाहीत. मात्र पेस्लिपवर दरमहा 'लर्निंग अलाउन्स' छापून येतो आणि बिल कुणी मागत नाही, असं असेल तर तो सरळ पगार, कर लागणारच. पुढच्या वेळी मंजुरीची मेल आधी घ्या आणि बिल कंपनीच्या नावाने, तिच्या जीएसटी नंबरसकट करून घ्या. अकाउंट्सवाल्यांची कुरकुर निम्म्याने कमी होते.

कर्ज काढून शिकणार असाल तर कलम ८०ई बघा. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज, फक्त व्याज, मुद्दल नाही, सलग ८ वर्षांपर्यंत वजा होतं आणि रकमेला वरची मर्यादा नाही. पण हे जुन्या रिजीममध्येच. शिकणारा जोडीदार असला तरी चालतं, म्हणून ज्याचा कर जास्त आणि जो जुन्या रिजीममध्ये आहे, त्याच्या नावावर कर्ज घ्या. ऑनलाइन कोर्सवाले जो 'नो कॉस्ट ईएमआय' गळ्यात मारतात, त्यात कागदावर व्याजच नसेल तर वजा काय करणार? शिवाय कर्ज बँकेचं किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं लागतं. प्रत्येक फायनान्स कंपनी त्यात बसत नाही. तीन महिन्यांच्या खासगी सर्टिफिकेटवर मी तरी ८०ईचा भरवसा ठेवणार नाही.

आता मिस्टर. चालू व्यवसायातलं कौशल्य अद्ययावत करण्याचा खर्च कलम ३७(१) खाली व्यवसायाचा खर्च म्हणून चालतो. आर्किटेक्टने ड्रॉइंगचं नवं सॉफ्टवेअर शिकणं त्यात आरामात बसतं. त्याने एलएलबी केलं तर अवघड आहे. पण मिस्टर कलम ४४एडीए खाली, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या ठोक हिशेबाच्या पद्धतीने, निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवत असतील, तर सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आलाच, कोर्सची फी वेगळी मिळत नाही. खरा खर्च निम्म्याहून बराच जास्त असेल तरच हिशेबवह्या ठेवून ४४एडीएमधून बाहेर पडायचा विचार करा. निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवलं आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेवर गेलं, तर ऑडिट करावं लागतं. एका कोर्ससाठी ते ओढवून घेऊ नका.

वरची कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू, त्यात क्रमांक बदललेत. तेव्हा सीएशी बोलताना कोणत्या वर्षाचं रिटर्न ते आधी सांगा.