नव्या १२५ सीसी गाडीचं ऑइल रनिंगमध्येच बदलावं का? आणि ब्रेक-फोर्कच्या ऑइलचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी १२५ सीसी एअर-कूल्ड गाडी, ३५० किलोमीटर झाले, म्हणजे अजून रनिंगमध्ये (नव्या इंजिनाचे भाग घासून बसण्याचा सुरुवातीचा काळ), मॅन्युअलमध्ये पहिली सर्व्हिस ५०० ते ७५० ला. मित्र म्हणतो आत्ताच ऑइल काढून सिंथेटिक टाक, ब्रेक आणि फोर्कचंही (पुढच्या चाकाच्या दोन शॉक-नळ्यांचं) बदलून घे. वर्कशॉपवाला म्हणतो, ऑइल स्वच्छ दिसतंय, सर्व्हिसला टॉप-अप पुरे.

ऑइल बदला. पहिल्या सर्व्हिसला पूर्ण ऑइल निघालंच पाहिजे, आणि ३०० च्या आसपास एकदा जास्तीचं बदललंत तर उत्तमच. मित्राचं बाकीचं म्हणणं सोडून द्या. वर्कशॉपवाल्याचंही ऐकून गप्प बसू नका, कारण ‘स्वच्छ दिसतंय’ हे कारण सांगून कितीतरी नव्या इंजिनांचा कीस आतच फिरत ठेवला जातो. याच मुद्द्यावर मी काउंटरवर अनेकदा भांडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक मोटरसायकलींच्या इंजिनात एकच ऑइल तीन कामं करतं. पिस्टन-क्रँकचं वंगण तेच, गिअरबॉक्समध्ये तेच आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या. नवेपणी तिन्हीकडून कचरा सुटतो. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, होनिंगचे (कारखान्यात मुद्दाम घासून केलेले) जे तिरके ओरखडे असतात त्यांची टोकं पिस्टनच्या रिंगा घासून काढतात, गिअरचे दात एकमेकांशी बसताना पोलादाची भुकटी देतात, क्लच प्लेटांच्या अस्तराचा बारीक चुरा निघतो. कव्हर बसवताना जास्त लागलेल्या सिलिकॉनचे तुकडे आणि मशीनिंगनंतर कोपऱ्यात राहिलेला अल्युमिनियमचा कीस वेगळाच. मोठ्या गाड्यांत हे अडवायला कागदी फिल्टर असतो. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच इंजिनांत तो नसतोच. तिथे पंपाच्या तोंडाशी एक धातूची जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला सेंट्रिफ्यूगल फिल्टर. जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक भुकटी तिच्यातून आरामात जाते. सेंट्रिफ्यूगल फिल्टर फिरण्याच्या जोरावर जड कण भिंतीला चिकटवतो, पण सगळे नाही. म्हणजे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सुटलेला धातू इंजिनाबाहेर काढायचा एकच खात्रीचा रस्ता आहे: ऑइलसकट ओतून टाकणे.

आता ‘स्वच्छ दिसतंय’कडे. डिपस्टिकवर (पातळी मोजायच्या कांडीवर) दिसतो तो वरच्या थराचा रंग. जड कण तळाशी बसलेले असतात, ड्रेन बोल्टजवळ. ऑइल सोनेरी असूनही तळाला चमचम सापडते, आणि असेंब्लीच्या वेळी मॉलिब्डेनमची ग्रीस लावली असेल तर चांगलं ऑइलही पहिल्याच दिवसांत करडं-काळं दिसतं. रंग बघून निर्णय घेणं दोन्ही बाजूंनी चूक. आणि टॉप-अपने तर पातळी तेवढी भरते, धातू आहे तिथेच राहतो.

घरी करणार असाल तर गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळचा कीस सोबत घेऊन येतं. थंड ऑइल काढलंत तर अर्धा कचरा आतच चिकटून राहील. लांबून आल्या आल्या बोल्ट खोलू नका, हात भाजतील. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, भरायची टोपी आधीच सैल करून ठेवा म्हणजे खालून धार मोकळी पडते. बोल्टाला गोटी पाना किंवा रिंग पानाच लावा. उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात.

मी पहिलं ऑइल नेहमी पांढऱ्या, स्वच्छ पुसलेल्या भांड्यात काढतो. धार संपली की भांडं अर्धा तास हलवायचं नाही, मग वरचं ऑइल हळूच दुसरीकडे ओतायचं आणि तळ उजेडात बघायचा. रुपेरी रंग ढवळल्यासारखी सरसकट चमक दिसली तर घाबरू नका, नव्या इंजिनाचं ते नेहमीचंच आहे. चिमटीत घासल्यावर कण जाणवायला नकोत. नखाने उचलता येतील असे पापुद्रे, तारेसारखे सळे किंवा दाताचा तुकडा दिसला तर प्रकरण वेगळं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळावरून फिरवा. चिकटलं ते पोलाद, म्हणजे गिअर, क्रँक, बेअरिंग, टायमिंग चेनच्या बाजूचं. न चिकटता चमकणारं अल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा केसिंग. पिवळसर-तांबूस कण असतील तर बुश घासतोय. असे मोठे तुकडे मिळाले तर फोटो काढा, ऑइल बाटलीत जपून ठेवा आणि गाडी वॉरंटीत दाखवा. पुढे स्वतः काही खोलू नका.

जाळीबद्दल सर्व्हिसच्या वेळी तोंडाने विचारा, कारण ती नुसत्या ड्रेनमध्ये निघत नाही. काही इंजिनांत ती खालच्या किंवा बाजूच्या मोठ्या षट्कोनी टोपीमागे स्प्रिंगसकट असते. तिथे ती पहिल्याच बदलात काढून, पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून बसवायची. टोपी सुटताना स्प्रिंग जाळीला बाहेर ढकलते, म्हणून हात खाली धरा आणि जाळी कोणत्या तोंडाने बाहेर आली ते लक्षात ठेवा. ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला, तिला आधी ऑइलचं बोट फिरवा. टोपी दिसायला मोठी असली तरी तिचा टॉर्क (आवळायचा जोर) बऱ्याचदा ड्रेन बोल्टपेक्षा कमी असतो; आकार बघून जोर लावणाऱ्यांनी केसिंग तडकवली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांत जाळी उजव्या क्लच कव्हरच्या आत असते आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टरही तिथेच. ते कव्हर ५०० किलोमीटरला उघडायचा हट्ट धरू नका. त्याला नवं गास्केट लागतं, क्लचची वायर सोडावी लागते, आणि फिल्टर साफ करायचा काळ मॅन्युअलमध्ये हजारो किलोमीटरनंतरचा दिलेला असतो. अशा इंजिनात जाळीची भरपाई म्हणून ऑइल लवकर बदलणं हाच उपाय, म्हणूनच मी ३०० चा आग्रह धरतो.

ड्रेन बोल्ट बसवताना नवा वायसर. तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा तो वायसर दाबून चपटा होण्यासाठीच असतो, एकदा दबला की पुन्हा नीट सील करत नाही. मग थेंब गळतो, मेकॅनिक बोल्ट आणखी आवळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी अल्युमिनियमच्या केसिंगचे आटे निघून हातात येतात. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार फेरे सरळ गेला पाहिजे; अडला तर काढून परत लावा. १२ मिलिमीटरच्या बोल्टाला लहान इंजिनांत साधारण २४ ते ३० न्यूटन-मीटर देतात, नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलचा घ्या. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना वापरा, लांब दांडा नको, पायाने दाब तर मुळीच नको.

भरताना मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: ऑइल बदलतानाचा आणि इंजिन पूर्ण उघडल्यानंतरचा. दोन्हींत १०० ते २०० मिलिलिटरचा फरक असतो, कारण ड्रेन केल्यावरही थोडं ऑइल आत राहतं. तुम्हाला लहान आकडा पाहिजे. एक लिटरचा डबा आणला म्हणून एक लिटर ओतायचं नाही. आधी १०० मिलिलिटर कमी टाका, इंजिन तीन-चार मिनिटं आयडलवर चालू द्या, अ‍ॅक्सिलेटर पिळू नका. मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, पातळी बघा, उरलेलं थोडं थोडं टाका. डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची की पूर्ण फिरवून, हे कंपनीगणिक बदलतं, आणि त्यावरून सहज १०० मिलिलिटरची चूक होते. जास्त भरलं तर क्रँक ऑइल घुसळून फेस करते, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते एअर फिल्टरमध्ये जातं, गाडी जड चालते. आठवड्याने बोल्टाखाली बोट फिरवून बघा. न टाकता पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजिन तापायच्या आत बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. तेही बदलायचं.

ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच: १०डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असेल तर तेच. डब्यावर जासो (दुचाकी ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ पाहिजे. जासो एमबी कमी घर्षणाचं, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी; ओल्या क्लचच्या गाडीत प्लेटा घसरायला लागतात. इंधन बचतीचा दावा करणारं कारचं पातळ ऑइल त्याच कारणाने नको. फ्लशिंगच्या नावाखाली डिझेल किंवा रॉकेल इंजिनात फिरवू देऊ नका, ते सगळं निघत नाही आणि उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं.

सिंथेटिकने रिंगा बसत नाहीत, ही जुनी समजूत मला मान्य नाही. कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येणारी इंजिनं आहेत आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. रिंग बोअरवर दाबली जाते ती तिच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने, आणि तो दाब थ्रॉटल उघडल्यावरच येतो. पण म्हणून मित्राचं बरोबर ठरत नाही. काहीशे किलोमीटरने जे फेकायचं आहे त्यात महाग ऑइल कशाला? सांगितलेल्या ग्रेडचं साधं मिनरल घ्या आणि वाचलेल्या पैशात एक बदल जास्तीचा करा.

दाबाचा मुद्दा निघालाच आहे तर, हजार किलोमीटर एकाच ४० च्या वेगाने गाडी रांगवणारे इंजिनाचं भलं करत नाहीत. दाब कमी, वेग एकसारखा, मग होनिंगचे ओरखडे रिंगा नीट बसण्याआधीच गुळगुळीत होतात आणि इंजिन पुढे ऑइल खातं. इंजिन गरम झाल्यावर मॅन्युअलच्या मर्यादेत वेग वर-खाली करा, मध्यम थ्रॉटलने खेचा, मग सोडा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण थ्रॉटल देऊन ठोकवू नका.

ब्रेक फ्लुइडचा रनिंगशी संबंध नाही. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. गाडी तयार होऊन बराच काळ उभी असेल तर काळ उत्पादनाच्या महिन्यापासून मोजा. आत्ता फक्त पातळी बघा, लिव्हर मऊ लागतो का तपासा. डॉट ३ की डॉट ४ ते रिझर्व्हायरच्या झाकणावर असतं. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

फोर्क ऑइल नव्या गाडीत करडं होतं हे खरं, आतले बुश आणि स्प्रिंगही घासतातच. पण तिथे क्रँकसारखी नाजूक बेअरिंगं नाहीत. सील कोरडी असेपर्यंत १०,००० च्या आसपास बदललंत तरी चालेल. बदलाल तेव्हा दोन्ही पायांत मिलिलिटरच्या हिशोबाने सारखं भरा.

३०० चा बदल पहिल्या सर्व्हिसऐवजी चालत नाही. ती सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरमध्ये किंवा दिवसांत, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत ठिकाणी करून नोंद घ्या, नाहीतर वॉरंटीला अडचण येते. ऑइलचं बिल आणि डब्याचा फोटो जपून ठेवा. सर्व्हिसला टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) अंतर इंजिन थंड असताना तपासायला सांगा, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये बसले की ते कमी होतं. त्यासाठी गाडी आदल्या संध्याकाळीच वर्कशॉपला सोडा. काढलेलं ऑइल त्याच डब्यात भरून तिथल्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, गटारात नको.