माणसं चार, गणपतीत अठरा, तर टाकी केवढी?

प्रश्न : गुहागर तालुक्यात जुनं घर पाडून नवीन चिऱ्याचं बांधतोय. वर्षभर घरात आई-बाबा, मी आणि बायको, पण गणपतीला आणि शिमग्याला मुंबईवाले आले की अठरा जण. मिस्त्री म्हणतो संडासची टाकी दहा बाय सहा आणि आठ फूट खोल घ्या, तळ करूच नका, जन्मात भरायची नाही. हार्डवेअरवाला म्हणतो हजार लिटरची रेडीमेड प्लॅस्टिकची टाका, विषय संपला. कोणाचं ऐकू? शोषखड्ड्याच्या जागेपासून विहीर पंचेचाळीस फुटांवर आहे, उताराला खालच्या अंगाला.

उत्तर : भाऊ, दोघांचंही नको. मिस्त्रीचा आकडा आधी गुणून बघा, १० × ६ × ८ म्हणजे ४८० घनफूट, एका घनफुटात २८ लिटर धरले तरी तेरा हजार लिटरच्या वर. चार माणसांना एवढी टाकी, आणि ती खोदायला कातळ फोडायचा खर्च वेगळा!

आता ते "जन्मात भरायची नाही" आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात. माझ्या मामाच्या घरी पण हेच होतं, अठरा वर्षं टाकी उपसली नाही म्हणून आल्यागेल्याला सांगायचे, आणि श्रावणात विहिरीच्या पाण्याला वास आला की पाचोळा कुजला असेल म्हणायचे. अहो, धड बांधलेली टाकी पहिल्या काही दिवसांतच आउटलेटपर्यंत भरते आणि मग कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढं दुसऱ्या बाजूने शोषखड्ड्यात जातं. मधल्या २४ ते ४८ तासांत जड गाळ खाली बसतो, हलकं तेलकट वर तरंगतं. टाकी भरतच नाही म्हणजे ती कुठेतरी गळतेय, आणि जांभ्याला भोकं-भेगा किती असतात ते तुम्हाला मी काय सांगू, तुमची विहीर तर खालच्याच अंगाला आहे. तेव्हा तळाला काँक्रीट आणि आतून प्लास्टर पाहिजेच.

साइजचं सांगतो. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानक २४७० मध्ये पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाणी एक मीटर खोल अशी टाकी दिलीय, म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास. दहा माणसांना २ मीटर × ९० सेंटिमीटर, खोली तीच एक मीटर, पण एकदा उपसल्यावर पुढच्या उपशापर्यंतचा काळ वाढवायचा असेल तर १.४ मीटर. तुम्ही ही दुसरी घ्या. फुटात साडेसहा × तीन, पाणी साडेचार फूट, वर एक फूट मोकळं, झाले अडीच हजार लिटर. दोन हजारांच्या वर गेलात म्हणून मधे एक भिंत, ती इनलेटपासून दोन तृतीयांश लांबीवर. इनलेट पाइप आउटलेटपेक्षा दोन-तीन इंच वर, दोन्हीकडे टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपचा जोड) लावा, व्हेंट पाइपच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडाला मच्छरजाळी.

मग अठरा जणांचं काय? फक्त संडासचं पाणी टाकीत सोडलंत तर माणशी रोज चाळीस-पन्नास लिटर, अठरा जणांचे नऊशेच्या आत, म्हणजे गाळाची जागा सोडूनही पाणी दोन दिवस थांबतं. न्हाणी, मोरी, वॉशिंग मशीन सगळं त्यातच जोडलंत तर माणशी शंभर लिटर सहज होतात, अठराशे झाले, एक दिवस कसाबसा मिळेल. आपल्या जुन्या लोकांनी न्हाणीचं पाणी माडाला, केळीला सोडलं ते काय उगाच नाही. तेवढी एक लाइन वेगळी ठेवा, हजारो रुपयांचं खोदकाम वाचेल.

खरी गोची मात्र शोषखड्ड्याची आहे. शिमग्याला जमीन कोरडी, कितीही माणसं येऊ देत. गणपतीत जमीन तीन महिने पाऊस पिऊन टम्म झालेली असते आणि नेमके तेव्हाच अठरा जण, त्यामुळे संडास तुंबला की लोक टाकी छोटी झाली म्हणतात, पण बाहेर शोषायलाच जागा नसते तर मोठी टाकी बांधून काय होणार! म्हणून श्रावणात विहिरीत डोकावून पाणी जमिनीपासून किती फुटांवर आलंय ते मोजून ठेवा. सहा फुटांच्या आत असेल तर खोल खड्डा उपयोगाचा नाही, भराव घालून वरच्यावर उथळ चर काढायचे. आणि खड्डा असो की चर, पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे जवळजवळ साठ फूट लांब. तुमचे पंचेचाळीस भरतायत, त्यातून विहीर उताराला, तेव्हा जागा बदलाच, घराच्या दुसऱ्या अंगाला न्या, शेजाऱ्याची विहीर पण मोजा. घरापासूनही खड्डा किमान सहा मीटर लांब ठेवा.

जाता जाता, उपसायची गाडी कुठवर येते ते आत्ताच बघा. पाणंदीतून टँकर शिरत नाही, मग पाइप पुरत नाही, मग कोणीतरी माणूस उतरवायची गोष्ट काढतो. ते अजिबात नाही, आतला वायू क्षणात माणूस आडवा करतो आणि हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ समुद्रालगत पुळणीत प्लॅस्टिकची हजार लिटरची टाकी बसवली होती. जुलैत गाडी बोलावून उपसली आणि चार दिवसांत ती एका बाजूने वर आली, पाइप तुटला. टाकी खराब निघाली का?

उत्तर : ताई, टाकीचा दोष दिसत नाही, उपसायची वेळ चुकली. पावसात पुळणीत पाणी वरपर्यंत येतं, आणि हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली की पाणी तिला टनभर जोराने वर ढकलतं, तिचं स्वतःचं वजन ते किती! आता दिवाळीनंतर पाणी उतरलं की काढून घ्या, खाली काँक्रीटचा बेड घालून त्याला पट्ट्यांनी बांधा, आणि बसवल्या बसवल्या पाण्याने भरून मगच बाजूची वाळू ओढा. यापुढे उपसायची ती मार्च-एप्रिलमध्ये, उपसून झाली की लगेच पुन्हा साधं पाणी भरायचं. थोडा जुना गाळ तळाला राहू द्या, त्यातल्या जिवाणूंवर टाकी परत चालू होते, वेगळी पावडर विकत घ्यायला नको. ॲसिड आणि फिनेल मात्र बेताने वापरा.