माझ्या स्क्वायर स्ट्रॅट इलेक्ट्रिक गिटारचे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते छोटे तुकडे) गंजलेत, कोणता ब्रिज (तारा धरणारा बॉडीवरचा धातूचा भाग) घेऊ आणि बसवल्यावर सेटिंग कसं करू?

आधी गंज किती खोल आहे ते बघा. फक्त सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू अडकले असतील तर प्रत्येकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर राहू द्या आणि नीट बसणारीच अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) लावा. इंचातली की मिलिमीटरच्या स्क्रूत फिरवली की खाच गुळगुळीत होते. एवढ्याने स्क्रू सुटले तर नुसते सॅडल बदलून भागतं.

पूर्ण ब्रिज घ्यायचाच असेल तर ब्रँड नंतर, मोजपट्टी आधी. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये दोन्ही टोकांच्या स्क्रूंचं केंद्र ते केंद्र अंतर मोजा. जुन्या अमेरिकन मापात ते सुमारे ५६.४ मिमी येतं, आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींत ५२.५. मी हे न मोजता मागवलं होतं. ब्रिज भोकांवर मधोमध धरला तर कडेची भोकं दोन्हीकडे जवळजवळ दोन मिलिमीटरने चुकत होती. ड्रिल न लावता परत पाठवला, आणि तुम्हीही तेच करा, कारण त्या सहा भोकांच्या लाकडावर सगळ्या तारांचा ताण येतो. ब्रिजच्या खाली बॉडीच्या आत जाणाऱ्या धातूच्या ब्लॉकची उंचीही मोजा. पातळ बॉडीत पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. ब्रिज हलवायच्या हँडलचे आटेही वेगवेगळे असतात, त्यामुळे नव्या ब्रिजसोबत आलेलंच हँडल वापरा.

सेटिंगचा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. नव्या तारा चढवून सुरात लावा. मग गिटारच्या मागच्या बाजूला ब्रिज ओढून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. ब्रिज पुढे झुकून मागून फार उचलला असेल तर आवळा. ब्रिजच्या प्लेटची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर हवी. प्रत्येक फिरवणीनंतर सूर पुन्हा लावा. हा कोन पक्का झाल्यावरच तारांची उंची ठरवा: सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीपासून सुरुवात करा.

इंटोनेशन, म्हणजे तार दाबल्यावरही सूर बरोबर लागणं, शेवटी. बाराव्या फ्रेटवर हार्मॉनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून) वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल नेकपासून मागे, उतरलेला आला तर पुढे. सरकवण्याआधी तार सैल करा. सहा सॅडल एका ओळीत येत नाहीत, त्याची काळजी करू नका. आणि पावसाळ्यात वाजवून झालं की सॅडलवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसत जा.